अनिकेत कोण?

श्रीमद्भगवद्गीतेच्या बाराव्या अध्यायात भगवंतांनी आपल्या प्रिय भक्ताची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत ‘अनिकेत’ हे एक लक्षण आहे. निकेत म्हणजे घर. ज्याला घर नाही तो अनिकेत. श्रीमत् शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात या पदाचा अर्थ नियत वसतिस्थान नसलेला असा केला आहे. लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त मात्र घर टाकण्यापेक्षा घरात मन गुंतू न देणे येथे अभिप्रेत आहे, असे प्रतिपादन केले. गृहस्थाश्रमी साधकाला या दोन अर्थांमध्ये उभे राहून एक प्रश्न सोडवावा लागतो: घर सुटले म्हणजे आसक्ती सुटते काय? या प्रश्नावर दूरदेशीच्या एका उदाहरणाने बराच प्रकाश पडतो.

अमेरिकेत अनेक वृद्ध दांपत्ये नोकरीतून निवृत्त झाल्यावर राहते घर विकून टाकतात आणि चाकांवरच्या घरात राहू लागतात. शय्या, चूल, स्नानगृह, सर्व काही एका मोटारीत सामावलेले असते. उन्हाळ्यात उत्तरेकडे व हिवाळ्यात दक्षिणेच्या उबदार वाळवंटाकडे, असा त्यांचा क्रम चालतो. न्यू मेक्सिको राज्यात रिओ ग्रांदे नदीच्या काठी अशा प्रवाशांचे एक आवडते गाव आहे. त्याची वस्ती सुमारे सहा हजार. भोवती वाळवंट; पण भूकवच ताणले जाऊन पडलेल्या भेगांतून खोलवर तापलेले पाणी तेथे वर येते. त्या कढत झऱ्यांत पूर्वी अपाची लोक स्नान करीत. १९११ ते १९१६ या काळात जवळच एलिफंट ब्यूट हे मोठे धरण बांधले गेले, तेव्हा गावाची वस्ती वाढली व स्नानगृहेही उभी राहिली. गावाचे नावच ‘हॉट स्प्रिंग्ज’, म्हणजे उष्णोदकाचे झरे, असे पडले होते.

अशाच एका दांपत्याची कल्पना करावी. पतीने चाळीस वर्षे कारखान्यात काम केले, पत्नीने शाळेत शिकविले. घर विकले, सामान वाटून टाकले आणि दोघे बाहेर पडली. बाह्यतः हा वानप्रस्थच. शिवाय या जीवनात एक शिस्तही आहे. शुद्ध पाण्याची टाकी लहान असते; ती रिकामी झाली की स्नान थांबते. सांडपाणी व मैला यांच्या टाक्या वेगळ्या असतात, आणि त्या नेमलेल्या जागी नेऊन स्वतःच्या हाताने रिकाम्या कराव्या लागतात. आपण किती वापरतो व किती घाण मागे ठेवतो हे पक्क्या घरातल्या माणसाला दिसत नाही. येथे ते रोज मोजून दिसते. अपरिग्रहाचा हा पाठ लहान नव्हे.

तरीही या गावात आल्यावर दोघांत वाद उत्पन्न झाला. तीन दिवसांत स्नानगृहे, नदीकाठ, जलाशय, जुनी दुकाने सर्व पाहून झाले. चौथ्या दिवशी पती नकाशा उघडून बसला. त्याला पुढचे गाव हवे होते. पत्नीच्या गुडघ्यांना त्या पाण्याने आराम पडला होता; तिला येथेच राहावेसे वाटले. ती म्हणाली, “आपण घर विकले, पण आपली घाई काही विकली नाही.” पतीनेही उत्तर दिले, “आणि तू एक घर सोडून दुसरे शोधते आहेस.” दोघांचेही म्हणणे खरे होते, आणि म्हणूनच दोघांनाही ते लागले.

विचार केला तर येथे आसक्तीची दोन रूपे समोरासमोर उभी आहेत. एक स्थिरतेची, दुसरी गतीची. पहिली आपल्याला लवकर ओळखू येते, कारण तिला भिंती व कुलपे असतात. दुसरी वैराग्याचा वेष घेते. नित्य नवे स्थळ पाहण्याची तृष्णा ही तृष्णाच; तिने घराची जागा रस्त्याला दिली एवढेच. बद्रीनाथचा यात्रिक तप्तकुंडात स्नान करतो ते पुढील दर्शनासाठी. ज्याच्या स्नानापुढे दर्शन नाही, त्याला केवळ पुढचे कुंड उरते.

मग निर्णय कशाने व्हावा? रुचीने होणार नाही, कारण दोघांची रुची भिन्न. शेजारच्या गाडीत एक एकाकी वृद्ध उतरला होता. त्याच दिवशी तो पडला व त्याचा पाय दुखावला. त्याला पाणी भरून देणारे, वैद्याकडे नेणारे जवळ कोणी नव्हते. पतीने नकाशा मिटला. दोन आठवडे त्याने शेजाऱ्याच्या टाक्याही रिकाम्या केल्या. पुढे वृद्धाचा मुलगा येऊन त्याला घेऊन गेला, आणि आता त्यांचे तेथे काही काम उरले नाही. उत्तरेत मुलीची प्रसूती जवळ आली होती. तिला आईची गरज होती. तेव्हा पत्नीने झऱ्याकडे एकदा पाहिले आणि सामान आवरले. ज्याला जायचे होते तो कर्तव्यासाठी राहिला. जिला राहायचे होते ती कर्तव्यासाठी निघाली. त्या दोन आठवड्यांत ती दोघे जितकी अनिकेत झाली, तितकी घर विकतानाही झाली नव्हती.

अर्जुनालाही रणांगण सोडून भिक्षेवर जगावेसे वाटले होते. भगवंतांनी त्याला थांबविले ते रणभूमी श्रेष्ठ म्हणून नव्हे, तर त्याचे जाणे मोहातून निघाले होते म्हणून. जाणे अथवा राहणे यांत पुण्य नाही. ते कशातून निघाले यात आहे.

त्या गावाचे आजचे नाव मोठे विलक्षण आहे. १९५० साली राल्फ एडवर्ड्‌स या नभोवाणी-निवेदकाने आपल्या कार्यक्रमाचे नाव जे गाव धारण करील, तेथून दशकपूर्तीचा प्रयोग ध्वनिक्षेपित करू असे जाहीर केले. या गावाने ते नाव घेतले: ‘ट्रुथ ऑर कॉन्सिक्वेन्सेस’, अर्थात ‘सत्य अथवा परिणाम’. त्या खेळात बरोबर उत्तर न देणाऱ्याला एखादी गमतीची शिक्षा भोगावी लागे. जीवनात मात्र ‘अथवा’ नाही. सत्य सांगणाऱ्यालाही कर्माचा परिणाम येतोच. गीता एवढेच शिकविते की त्या परिणामावर डोळा ठेवून कर्म करू नये.

आपल्याकडेही निवृत्तीनंतर कोणी गावच्या वाड्याला चिकटून बसतात, कोणी मुलांच्या घरांमधून फिरत राहतात, कोणी एकामागून एक यात्रा करतात. यांपैकी कोणाचीही निंदा करण्याचे कारण नाही. प्रत्येकाने रात्री निजण्यापूर्वी स्वतःला एवढेच विचारावे: उद्या कर्तव्याने ‘ऊठ’ म्हटले तर मी उठेन काय? आणि ‘थांब’ म्हटले तर थांबेन काय? दोन्ही प्रश्नांना ज्याचे अंतःकरण होय म्हणते, त्याचे घर चिरेबंदी असो की चाकांवरचे असो, तो अनिकेतच होय.