वरच्या जागेवर कोण बसलंय?

आजचं वाचन: लूक १४:७-११



जेवणाला आलेले पाहुणे मानाच्या जागा कशा पटकावतात, हे येशू पाहत होता. म्हणून त्याने सांगितलं, बोलावणं आलं तर शेवटच्या जागेवर जाऊन बस. हा दाखला मला पाठ आहे. तरी गेल्या हिवाळ्यात मी वरच्याच जागेवर बसलो होतो.

आम्ही नागपूरची काही तरुण मंडळी भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यातल्या आंबागडला गेलो होतो. साधारण १७०० च्या सुमारास देवगडच्या बख्त बुलंद शहाच्या काळात राजा खानाने हा डोंगरी किल्ला बांधला. पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला. ही सगळी माहिती मी मोबाईलमध्ये बघून मोठ्या रुबाबात सांगत होतो. आम्हाला वाट दाखवायला आलेले गावातले एक काका बाजूला गप्प उभे होते. शेवटी आमच्यातली एक ताई म्हणाली, “काका, तुम्ही पण सांगा ना.” ते हसून म्हणाले, “तुमाले त सारंच मालूम आहे ना जी, म्हून मी काही बोललो नाई.”

मला लाज वाटली. त्यांचा अपमान करावा असं माझ्या मनातही नव्हतं. पण त्यांना काही माहीत असेल, हा विचारच मला शिवला नाही. अहंकार दर वेळी मोठ्याने ओरडत नाही, कधीकधी तो समोरच्याला नुसता विचारायचं विसरतो.

परतताना तुमसर रोड स्टेशनवर मला रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवले. याच नागपूर-राजनांदगाव मार्गावर, १८९३ च्या सुमारास, त्यांना रेल्वेच्या डब्यात एक युरोपियन प्रवासी भेटला. तो त्यांच्याशी अदबीने वागला आणि आधी संस्कृत काव्यावर बोलला, म्हणजे टिळकांना ज्यात गती होती त्याच विषयावर. धर्माचं बोलणं नंतर निघालं आणि त्याने नवा करार हातात दिला. टिळक वाचत वाचत डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत आले आणि तिथेच गुंतले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. 

विचार करा, तो काळ इंग्रजी राज्याचा. वरची जागा त्याला आयतीच मिळालेली होती. ती सोडून तो समोरच्याचं ऐकायला बसला.

रोमकरांस १२:१० मध्ये पौल एकमेकांना मान देण्यात पुढाकार घ्यायला सांगतो. आपण बहुतेकदा नम्रता म्हणजे “मी काहीच नाही” असं म्हणणं समजतो. पण त्या वाक्यातही ‘मी’च असतो ना? फिलिप्पैकरांस २ मधला ख्रिस्त स्वतःला कमी लेखत नाही. आपण कोण आहोत हे त्याला पक्कं माहीत आहे, म्हणूनच तो दासाचं रूप घेऊ शकतो. ज्याची किंमत देवापाशी ठरलेली आहे, त्याला खुर्ची सोडायची भीती वाटत नाही.

आणि हो, नम्र राहायचं म्हणजे अन्याय निमूट सोसायचा, असा याचा अर्थ नाही. येशूने हा दाखला यजमानाच्याच घरात, त्याच्या पाहुण्यांच्या तोंडावर सांगितला.

आंबागडची उंची पुढे तुरुंग झाली. आपण चढून बसलेल्या जागेचंही तसंच होतं. तिथे फक्त आपलाच आवाज ऐकू येतो.

आजसाठी एक गोष्ट करूया. सोसायटीचे वॉचमन काका, ऑफिसात चहा देणारी मावशी, ग्रुपवर कधीच न बोलणारा मित्र, यांपैकी एकाला त्यांना जे चांगलं येतं त्याबद्दल विचारा. मग मध्ये न बोलता ऐका. त्याची स्टोरी मात्र टाकू नका!

प्रार्थना: प्रभू येशू, तू शिष्यांचे पाय धुतलेस. मला समोरचा माणूस दिसू दे. माझं नाव राहिलं नाही तरी चालेल, तुझं राहू दे. आमेन.