नाव सांताचं, हप्ते आईचे

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात इंग्लंडमधल्या प्राथमिक शाळा उघडतात, तेव्हा सतरंजीवर गोल करून बसलेल्या मुलांना बाई हमखास विचारतात, नाताळात काय काय मिळालं? आम्ही तिकडे राहायला गेलो तेव्हा माझी मुलगी पाच वर्षांची होती. आपल्याला या सणाचं काय, अशा तोऱ्यात पहिल्या वर्षी आम्ही तिला चित्रकलेची वही आणि खडूंची पेटी आणली. ती मात्र सांताने ठेवली असं सांगितलं. कारण वर्गात सगळ्यांकडे तो येणार आणि हिच्याकडेच नाही, हे आम्हांला सोसलं नसतं. शाळा उघडली त्या दिवशी ती घरी आली ती गप्पच. रात्री जेवताना म्हणाली, "बाबा, सांता आपल्याकडे सगळ्यात शेवटी येतो का? तोवर त्याच्याकडचं संपतं का?"

रेशनच्या दुकानातला हिशेब होता तो. शेजारी बसणाऱ्या मुलाला सायकल मिळाली होती, दुसरीला बाहुल्यांचं दुमजली घर. तिने सांताला दोष दिला नाही, आम्हांलाही नाही, रांगेला दिला. यापेक्षा वाईट उत्तर तिला सुचू शकलं असतं, ते म्हणजे आपण त्या मुलाइतकं शहाण्यासारखं वागलो नाही. सांताचा कायदाच तसा आहे. शहाण्याला मिळतं.

म्हणून पाश्चात्त्य आईबाप नाताळात पोरांवर किती उधळतात, हा विषय निघाला आणि ऐकणाऱ्यांच्या माना खेदाने हलू लागल्या की मी जरा अस्वस्थ होतो. उधळतात हे खरंच. अमेरिकेत गॅलप ही संस्था दर वर्षी लोकांना विचारते की यंदा भेटवस्तूंवर किती खर्च कराल. २०२४ मध्ये आलेलं सरासरी उत्तर हजार डॉलरच्या किंचित वर होतं. हा सगळ्यांसाठीच्या भेटींचा आकडा; पण ज्या घरात लहान मुलं आहेत तिथे त्यातला मोठा वाटा कुठे जातो, ते त्या घरातल्या झाडाखाली पाहिलं की कळतं. आकड्याबद्दल माझी तक्रार नाही. तो वाचून आपण जो निकाल देतो त्याबद्दल आहे.

या निकालाची सर्वांत टोकदार मांडणी जोएल वॉल्डफोगेल या अर्थशास्त्रज्ञाने १९९३ साली 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये केली. येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना त्याने विचारलं, तुम्हांला मिळालेल्या भेटी तुम्ही स्वतः विकत घेतल्या असत्या तर किती पैसे मोजले असते? देणाऱ्याने मोजलेली किंमत आणि घेणाऱ्याने सांगितलेली किंमत यांत फरक पडला. त्याच्या अंदाजाने भेटींच्या किमतीचा दहावा हिस्सा ते एक तृतीयांश इतकं मोल वाटेतच विरून जातं. मावशी-काका-आजोबा यांच्या भेटींत ते जास्त विरतं, मित्रांच्या भेटींत कमी. म्हणजे आत्याने आणलेल्या स्वेटरबद्दल घरोघरी जी कुजबुज असते तिला शास्त्राचा आधार मिळाला.

अभ्यास हुशार आहे, खोडकरही आहे. पण त्यातली एक अट पाहण्यासारखी आहे : उत्तर देताना भेटीचं भावनिक मोल वगळायचं होतं. शिवाय उत्तरं देणारी माणसं विशीतली. सहा वर्षांच्या मुलाने जानेवारीत वर्गातल्या सतरंजीवर काय सांगायचं, हा प्रश्न त्या हिशेबात कुठे बसतच नाही. आणि आईबापांच्या खर्चातला फार मोठा भाग त्या सतरंजीपायीच होतो.

ही सतरंजी तिथे कशी आली, हे थोडं मागे जाऊन पाहावं लागतं. मुलांचा सण म्हणून नाताळ फार जुना नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या प्युरिटन मंडळींनी तर १६५९ साली तो पाळण्यावर बंदी घातली होती. दंड पाच शिलिंग. त्यांचा राग देवावर नव्हता, दंग्यावर होता. शेतीची कामं संपलेली, दारू गाळून तयार, जनावरं कापलेली. अशा दिवसांत गरीब माणसं टोळक्याने श्रीमंतांच्या दारी जात, गाणी म्हणत आणि खायला-प्यायला मागत. मागत म्हणजे हक्काने. नाही दिलं तर शिव्याही घालत. आपल्याकडे होळीची वर्गणी मागणारी पोरं आठवावीत. स्टीफन निसेनबॉम या इतिहासकाराने 'द बॅटल फॉर ख्रिसमस' या १९९६च्या पुस्तकात दाखवलं आहे की एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात न्यूयॉर्कच्या खात्यापित्या घरांनी हा रस्त्यावरचा सण दार लावून घरात घेतला. देणं तसंच राहिलं, घेणारे बदलले. दारातल्या गरिबांच्या जागी घरातली मुलं आली. क्लेमंट क्लार्क मूर यांच्या नावावर ओळखली जाणारी सांताची प्रसिद्ध कविता १८२३ साली निनावी छापून आली ती याच काळात. पुढे टॉमस नास्ट या व्यंगचित्रकाराने सांताला पोट दिलं, कारखाना दिला, उत्तर ध्रुवावरचा पत्ताही दिला.

त्या कारखान्यात मला फार रस आहे. ज्या काळात खेळणी दुकानात विकत मिळू लागली, नेमक्या त्याच काळात ती दुकानातून आलेली नाहीत असं मुलांना सांगायची सोय निघाली. किमतीची चिठ्ठी काढून टाकली, विकणारा लपवला आणि शेवटी विकत घेणाराही लपवला. बाजाराला इतका सज्जन दिसणारा दलाल दुसरा मिळाला नसता.

आता या युक्तीचा भार कुणावर पडतो ते पाहा. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला सांताच्या आड उभं राहायला काहीच अडचण नाही. श्रेय गेलं तर गेलं. ज्याच्याकडे नाहीत त्याचं एक मोठं हत्यार सांता काढून घेतो : 'आपल्याला परवडत नाही' हे वाक्य. सांताला न परवडायला काय झालं? त्याच्याकडे ना भाडं, ना विजेचं बिल. आई वर्षभर 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणते ते पोरांना कळतं, पटतंही. पंचवीस डिसेंबरला मात्र घराची ऐपत हे कारण चालत नाही. मग गरीब घरातली आई ऐपतीबाहेर खर्च करते, आणि सुशिक्षित माणसं तिला अडाणी म्हणतात.

अडाणी तर ती मुळीच नाही. तिचं नियोजन जानेवारीत सुरू होतं. अमेरिकेत पेन्सिल्वेनियातल्या कार्लाइल गावच्या एका बँकेने १९०९ साली 'ख्रिसमस क्लब' काढला : दर आठवड्याला थोडे पैसे भरायचे आणि डिसेंबर तोंडावर आला की एकरकमी उचलायचे. असल्या खात्यांवर व्याज नाममात्र, कधी कधी तेही नाही. तरी लोक रांगा लावत, कारण मध्येच पैसे सहजासहजी काढता येत नसत हीच त्यातली खरी सोय होती. आपल्याकडे वाण्याकडचा दिवाळी फंड किंवा चाळीतली भिशी चालते ती याच तत्त्वावर. घरात ठेवलेला पैसा घरात राहत नाही, हे ज्यांना पक्कं माहीत असतं त्यांची ही बँक. आणि भिशीवाला पळून जाण्याची भीतीही दोन्हीकडे सारखीच. ब्रिटनमध्ये फेअरपॅक नावाची कंपनी असेच हप्ते गोळा करून नाताळसाठी व्हाउचर आणि खाऊच्या टोपल्या देत असे. गोळा करणाऱ्या बहुतेक बायका, त्याही ओळखीच्या : कुणाची बहीण, कुणाची शेजारीण. २००६च्या ऑक्टोबरमध्ये, सणाला दोन-अडीच महिने उरले असताना, कंपनी बुडाली. लाखाहून अधिक लोकांचे मिळून जवळपास चार कोटी पौंड अडकले. डबघाईला आल्यावरही हप्ते स्वीकारले जात होते, हे मागाहून उघड झालं. भरपाई होता होता २०१२ उजाडलं आणि हाती आले ते साधारण निम्मे पैसे. त्या लोकांची कितीतरी मुलं तोवर सांतावर विश्वास ठेवण्याच्या वयाच्या पलीकडे गेली असतील.

अमेरिकेत दुसरी पद्धत होती, 'लेअवे'ची. खेळणं दुकानदार बाजूला काढून ठेवतो, तुम्ही हप्ते भरता, शेवटचा हप्ता भरला की ते घरी येतं. २०११च्या डिसेंबरमध्ये केमार्टच्या दुकानांत अनोळखी माणसं आत येऊन दुसऱ्यांचे उरलेले हप्ते भरू लागली. लहान मुलांच्या वस्तू ज्यांत असतील ती खाती ते मुद्दाम मागत. काही जण सगळी रक्कम न भरता चार-दोन सेंट बाकी ठेवत, म्हणजे खातं बंद होऊ नये आणि खेळणं आईनेच येऊन सोडवून न्यावं. दानशूरपणाच्या कथा मला सहसा पचत नाहीत. पण त्या उरलेल्या सेंटांमागे मोठी समज आहे. वॉलमार्टने २०२१ साली ही पद्धत बंद करून आता घ्या, नंतर फेडा, असं कर्ज आणलं. पूर्वी वाट पाहणं आधी होतं आणि खेळणं नंतर. आता खेळणं मोडून अडगळीत गेल्यावरही हप्ता चालू असतो.

याला उपाय म्हणून सरकारं काय करतात? आयर्लंडमध्ये सरकारी भत्त्यावर जगणाऱ्यांना डिसेंबरात जादा हप्ता मिळतो. १९८०पासूनची ही प्रथा मंदीच्या तडाख्यात २००९ला थांबली आणि २०१४पासून टप्प्याटप्प्याने परत आली. गरजेत मोडत नाही अशा गोष्टीसाठी सरकारने पैसे का द्यावेत, असं विचारता येतं. पण मग आपल्या कारखान्यांतला दिवाळीचा बोनस तरी कुठे गरजेत मोडतो? कायद्याने किमान ८.३३ टक्के ठरवताना कुणाच्या तरी ध्यानात होतं की पगार पोटाला पुरतो, सणाला पुरत नाही.

ॲलिसन प्यू या समाजशास्त्रज्ञ बाईंनी कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये गरीब आणि श्रीमंत अशा दोन्ही थरांतल्या मुलांमध्ये आणि त्यांच्या घरांमध्ये बराच काळ घालवून 'लाँगिंग अँड बिलाँगिंग' हे पुस्तक २००९मध्ये लिहिलं. मुलं वस्तू मागतात ती बहुधा इतर मुलांच्या बोलण्यात भाग घेता यावा म्हणून, असं त्यांचं निरीक्षण आहे. वस्तू नसलेलं मूल त्या गप्पांत जणू दिसेनासं होतं. गरीब पालक बाकी सगळीकडे काटकसर करून अशी एखादीच वस्तू आणतात की जिच्या जोरावर मूल इतरांच्या पंक्तीला बसेल. श्रीमंत पालकांचं उलटं : ते देतात भरपूर, पण सांगताना काय दिलं नाही तेवढंच सांगतात. आमच्याकडे व्हिडिओ गेम नाही हं, वगैरे.

हे वाचताना मी चांगलाच ओशाळलो. आमची खडूंची पेटी याच जातीची होती. तिच्या मागे गरिबी नव्हती, तत्त्व होतं. आणि त्या तत्त्वाची किंमत सतरंजीवर बसून मुलीने मोजली होती.

आपल्याकडच्या सणांत हे सोपं होतं, असं म्हणण्याचा मोह होतो. दिवाळीचे कपडे बाबांनी आणले, ते बोनस झाल्यावर आणले, आणि यंदा बोनस कमी म्हणून फटाकेही कमी, हे पोरांना ठाऊक असायचं. गिरणगावात तर गिरणीचा बोनस जाहीर झाला की नाही, हे पोरांना आधी कळे. देणारा समोर दिसत होता, त्यामुळे त्याची मर्यादाही दिसत होती. गोव्यातल्या नाताळातही मुलांना नवे कपडे मिळतात, पण घराची खरी लगबग गोठा उभारण्याची, नेवऱ्या-दोदोल करण्याची आणि ती ताटं शेजारीपाजारी पोचवण्याची असते. त्यात पोरांना वस्तूपेक्षा कामं जास्त मिळतात. पण हा अभिमान फार ताणू नये. पुण्यामुंबईच्या शाळांतून लाल टोपी घातलेले शिपाईकाका डिसेंबरात चॉकलेटं वाटतात, आणि वाढदिवसाच्या 'रिटर्न गिफ्ट'ची चढाओढ ही आपली स्वतःची सतरंजी आहे. तिच्यासाठी आपल्याला सांतासुद्धा लागला नाही.

किती खर्च करावा, हे मी कुणाला सांगणार नाही. देणाऱ्याचं नाव लपवायचं असेल तर ते स्वस्त वस्तूंवर लपवावं, एवढंच माझं म्हणणं आहे. इंग्लंडमध्ये कितीतरी घरांत ही रीत आहेच : मोज्यातलं संत्रं, नाण्यासारखी चॉकलेटं, चिल्लर खेळणी सांताची आणि झाडाखालचं मोठं खोकं आईबाबांचं. ज्या घरात सांता सायकल आणतो ते घर नकळत शेजारच्या घराला कर्जात ढकलतं.

दुसऱ्या वर्षी डिसेंबरात आमची शेजारीण दोन मोठ्या पिशव्या घेऊन आली. वृद्धाश्रमात काम करणारी, एकटीने दोन मुलगे वाढवणारी बाई. पोरं घरभर कपाटं धुंडाळतात म्हणून सामान तुमच्याकडे ठेवू का, असं तिने विचारलं. सुपरमार्केटच्या बचतीच्या तिकिटांचं कार्ड ती जानेवारीपासून भरत होती, हे तेव्हा कळलं. चोवीसच्या आधीच्या रात्री कामावरून येऊन ती आमच्या जेवणाच्या टेबलावर कागद, चिकटपट्टी आणि नावांच्या चिठ्ठ्या घेऊन बसली. चिठ्ठ्यांवर लिहिताना ती पेन डाव्या हातात धरत होती. अक्षर वेडंवाकडं येई. थोरला आठ वर्षांचा झालाय, माझं अक्षर ओळखतो, असं ती म्हणाली.

लहानसहान पुडकी झाली. मग मोठं खोकं पुढे ओढलं, त्यावर मुलाचं नाव घातलं, आणि 'कडून' लिहायची वेळ आली तशी थांबली. पेन उजव्या हातात घेतलं.

"या खोक्यासाठी मी सात रविवार जादा पाळ्या केल्यात," ती म्हणाली. "म्हातारा कशाला मिरवील?"