कोपरीचे चौरस फूट

कोपरी कुठे आहे? ठाणे स्टेशनाच्या पूर्वेला. म्हणजे रुळांच्या पूर्वेला. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून सुटलेली देशातली पहिली प्रवासी गाडी ३४ किलोमीटर धावून ठाण्यात पोचली आणि पुढे याच रुळांनी गावाला दोन बाजू दिल्या. ज्या बाजूला बाजार, मासुंदा तलाव, गडकरी रंगायतन, ते 'ठाणे'. उरलेलं 'ईस्ट'. कोपरीतला माणूस जांभळी नाक्यावर खरेदीला निघाला की 'वेस्टला जाऊन येतो' म्हणतो. वेस्टच्या माणसाला हे वाक्य उलट म्हणायची वेळ फारशी येत नाही. चेंदणी हे नाव मात्र अजून रुळांच्या दोन्ही अंगांना ऐकू येतं आणि पूर्वेच्या एका रस्त्याला अजून मीठबंदर म्हणतात. ही नावं रुळांवरून दिशा ठरवत नाहीत. ती खाडीकडे बघतात.

शाळेतल्या भूगोलात याला 'स्थान' म्हणत. अक्षांश, रेखांश, कशाच्या कोणत्या बाजूला. आपण व्हॉट्सॲपवर 'लोकेशन पाठव' म्हणतो तेव्हा हेच मागतो. मानवी भूगोलाला याहून वेगळा एक शब्द लागतो, त्याला इथे 'ठिकाण' म्हणू. १९७७ साली यी-फू तुआन या भूगोलतज्ज्ञाने 'स्पेस अँड प्लेस' या पुस्तकात हा फरक मांडला. नुसता अवकाश ओळखीचा होत जातो, त्यात माणसाचा जीव गुंतत जातो, तसतसं त्याचं ठिकाण होतं. तुआन चीनमध्ये जन्मला, लहानपणी देशोदेशी फिरला आणि पुढे अमेरिकेत स्थिरावला. ठिकाण म्हणजे काय हा प्रश्न त्याला पडणं साहजिकच होतं. मराठीला हा फरक बहुधा आधीपासून ठाऊक असावा. 'डोकं ठिकाणावर आहे का?' असं आपण विचारतो, 'स्थानावर आहे का?' असं कुणी विचारत नाही.

शब्दांचा हा खेळ इथवर निरुपद्रवी आहे. भरपाईचा विषय निघाला की तो तसा राहत नाही. ठाण्याच्या क्लस्टर योजनेत जे भाग आधी घेतले गेले, त्यांत कोपरी आहे. जुन्या, धोकादायक इमारतींत लोक जीव मुठीत धरून राहतात, पावसाळ्यात तर जास्तच, त्यामुळे पुनर्विकास नकोच असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण योजनेची भाषा चौरस फुटांची आहे. किती गेले, किती मिळणार, कोण पात्र, कोण अपात्र. म्हणजे माणूस गमावणार ठिकाण आणि त्याला परत मिळणार स्थान. हा व्यवहार न्याय्य आहे का?

कोपरीतच याचं एक उत्तर राहतं. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत उतरली, त्याचं उल्हासनगर झालं. तशीच काही कोपरीत आली आणि कोपरी कॉलनी वसली. (१८५३च्या त्या गाडीच्या तीन इंजिनांपैकी एकाचं नाव 'सिंध' होतं. इतिहासाला असले विनोद सुचतात.) सरकारने या लोकांच्या नुकसानीची मोजदाद केली. १९५०चा क्लेम्सचा कायदा, १९५४चा भरपाई आणि पुनर्वसनाचा कायदा. क्लेम कशाचा करता येई? स्थावर मालमत्तेचा. घर, दुकान, जमीन. सिंधू नदीचा क्लेम करता येत नव्हता. ज्या बोलीत बाजारभर हाका मारता येत, त्या बोलीचाही नाही. भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा या भाषेच्या वाट्याला भारतात एकही राज्य आलं नाही.

तरी या माणसांनी कोपरीचं ठिकाण केलं. दुकानं उभी केली, देवळं बांधली, चेटीचंड सुरू केला. पल्ला माशावर बसलेल्या झूलेलालला मानणारे लोक नारळी पौर्णिमेला पाण्याला नारळ देणाऱ्यांच्या शेजारी येऊन राहिले. आज कुणी म्हणेल, बघा, सगळं गमावलेली माणसंसुद्धा रुळली. मग चार गल्ल्या पलीकडे, नव्या टॉवरात जायला एवढं काय?

हा युक्तिवाद झटकून टाकण्यासारखा नाही. ठिकाण पुन्हा घडवता येतं, हे खरंच आहे. पण त्याच्या आत एक लबाडी आहे. उखडलेल्या माणसाने पुढे तीस-चाळीस वर्षं जे कष्ट उपसले, ते 'तुझं फारसं काही गेलंच नव्हतं' याचा पुरावा म्हणून त्याच्याचसमोर ठेवले जातात. शिवाय रुळली कोण, तर ज्यांच्या हातात वर्षं होती ती. साठीत आलेल्या आजीला नवं ठिकाण घडवायला तेवढी वर्षं उरली नव्हती. तिला फक्त खोली मिळाली.

याच्या विरुद्ध टोकाचं उत्तर आपल्याकडे जास्त लोकप्रिय आहे. जो आधी आला त्याचं गाव. कोपरीत हे लावलं तर खाडीकाठच्या कोळ्यांपाशी यादी संपते. सिंधी गेले, कोकणातून, घाटावरून आलेली कुटुंबं गेली आणि अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा भाडेकरू तर यादीत कधी नव्हताच. डोरीन मॅसी या ब्रिटिश भूगोलतज्ज्ञ बाईंनी १९९१ साली लंडनमधल्या आपल्या किलबर्न भागाबद्दल लिहिताना या कल्पनेलाच हात घातला. ठिकाण म्हणजे कुंपण घातलेला तुकडा नव्हे, बाहेरून येणारे असंख्य धागे जिथे गाठ मारतात ती जागा. पण त्या धाग्यांवर सगळ्यांचा ताबा सारखा नसतो, हेही त्या लगेच सांगतात. कुणाच्या वेगाची किंमत दुसऱ्या कुणाला तरी मोजावी लागते. कोपरीला हे समजावून सांगायची गरज नाही. बाहेरच्या अनेकांना कोपरी माहीत आहे ती पूर्व द्रुतगती महामार्गावरचा अरुंद पूल म्हणून. पूल रुंद झाला तशी ती बातम्यांतून ओसरली. महानगराच्या नकाशावर कोपरी हे ठिकाण नव्हतंच, तो अडथळा होता.

मग हक्क कुणाचा जास्त? माझ्या मते आधी कोण आला किंवा पैसे कुणी भरले, हे प्रश्न दुय्यम आहेत. इथून हलवलं तर कुणाचं जगणं दुसरीकडे उभं राहणार नाही, हे आधी विचारावं. कोळ्यांचा हक्क बळकट वाटतो तो त्यांच्या पूर्वजांमुळे नाही. त्यांचं काम भरती-ओहोटीला बांधलेलं आहे आणि भरती-ओहोटी बाविसाव्या मजल्यावर येत नाही, म्हणून. होडी ओढून ठेवायची, जाळी पसरायची, मासळी वाळवायची जागा बहुधा कुणा एकाच्या नावावर नसते. आराखड्यात ती 'मोकळी जागा' दिसते. ठाण्यातल्या गावठाणांनी आणि कोळीवाड्यांनी क्लस्टरमधून वगळण्याची मागणी केली, तेव्हा अनेकांना तो आडमुठेपणा वाटला. मला तो भूगोलाचा नेमका वापर वाटतो.

पण हीच कसोटी पुढे नेली की अवघड होते. चार घरची धुणीभांडी करणारी, एका कामावरून दुसऱ्यावर चालत जाणारी भाडेकरू बाई याच कसोटीवर वर येते, कारण तिचं पोट चालत जाण्याच्या अंतरावर आहे. घोडबंदरला राहून कोपरीतला फ्लॅट भाड्याने देणारा मालक खाली जातो. किमतीवर त्याचा पूर्ण हक्क, ठिकाणावर थोडा. कायदा याच्या बरोब्बर उलटं बघतो आणि मालकवर्गातल्या आपल्यापैकी बहुतेकांना तेच सोयीचं असतं.

आणखी एक अडचण. जो हलू शकत नाही त्याचा हक्क मोठा म्हटलं, तर कोळ्याच्या मुलीने खाडीकाठीच बसावं असं कुणी त्यातून काढेल. ती ठाण्याहून ट्रान्सहार्बरची लोकल पकडून ऐरोलीच्या आयटी कंपनीत जात असेल, उद्या पुण्याला किंवा परदेशी जाईल. तिने खुशाल जावं. जाणं आणि घालवलं जाणं यांत अंतर आहे आणि तिचा बाप अजून खाडीत उतरतो, हेही तिच्या जाण्याने बदलत नाही.

क्लस्टरच्या सर्वेक्षणाला माणूस दारात येतो तेव्हा घर किती फुटांचं, कुणाच्या नावावर, कधीपासून, याची कागदपत्रं दाखवायची असतात. कामाला चालत जाता का, कुठवर? उधारीवर किराणा कोण देतं? रात्री आजारी पडलात तर कुणाचं दार वाजवता? ही उत्तरं द्यायला भाडेकरूलाही कागद लागणार नाही.