राज्याचें पालकत्व

मुलाचा सांभाळ किती वयापर्यंत करावा, या प्रश्नाचें उत्तर कायदा एका आंकड्यांत देतो. संसार मात्र तें उत्तर कधींच मानीत नाहीं. काल अठरावें वर्ष संपलें, तेव्हां आजच्या तापाचें औषध तुझें तूं आण, असें मुलास सांगणारा बाप विरळाच. परंतु पालक हा माणूस नसून राज्य असेल तर?

हा प्रश्न केवळ तर्कापुरता नाहीं. अमेरिकेंत ज्या मुलांचा घरीं छळ वा हेळसांड होते, त्यांना न्यायालयाच्या हुकुमानें आईबापांपासून दूर करून दुसऱ्या कुटुंबांत किंवा संस्थेंत ठेवतात. या व्यवस्थेस तेथें ‘फॉस्टर केअर’ म्हणतात. त्यांपैकीं कित्येकांना ना आपलें घर परत लाभतें, ना दत्तक घेणारें नवें घर. वय भरलें कीं तीं तेथून एकटींच बाहेर पडतात.

त्यांच्या औषधपाण्याचें काय? १९९९ सालच्या एका कायद्यानें अशा तरुणांना एकविसाव्या वर्षापर्यंत ‘मेडिकेड’ हा गरिबांसाठीं असलेला सरकारी आरोग्यविमा देण्याची घटक राज्यांना मुभा दिली. सक्ती केली नाहीं. पुढें २०१० सालच्या आरोग्यविषयक कायद्यानें आईबापांच्या विम्यांत मुलांना सव्विसाव्या वाढदिवसापर्यंत राहतां येईल अशी तजवीज केली. आणि अठराव्या वर्षीं जे या व्यवस्थेंत असून मेडिकेडचे लाभार्थी होते, त्यांना त्यांचें उत्पन्न न पाहतां त्याच वयापर्यंत मेडिकेड देण्याचें बंधन १ जानेवारी २०१४ पासून राज्यांवर घातलें. दोन्हीं ठिकाणीं सव्वीस हाच आंकडा आहे. बाप जें करतो तें बापाच्या जागीं बसलेल्या राज्यानेंही केलें पाहिजे, हें तत्त्व त्या आंकड्यांत आहे.

यावर आक्षेप असा कीं, त्याच वयाचे इतर गरीब तरुण काय कमी दुःखी आहेत? मग यांच्यावरच ही मेहेरनजर कां? दयेच्या तराजूंत दोघेही सारखे, हें खरें. परंतु येथें प्रश्न दयेचा नसून ऋणाचा आहे. एखाद्याच्या हातांतील काठी जो काढून घेतो, त्याच्यावर त्याला आधार देण्याचा भार येऊन पडतो. मग ती काठी किडकी असली, आणि ती काढून घेणें योग्यच असलें, तरीही. ऋण केवळ अपराधांतूनच उत्पन्न होतें असें नाहीं. योग्य कृत्याचेंही ऋण असतें, आणि तें फेडल्यावांचून त्या कृत्याची योग्यता पुरी होत नाहीं.

या कसोटीस कायदा अजून पुरता उतरलेला नाहीं. २०१४ मध्यें आलेलें बंधन प्रत्येक राज्यास आपल्या ताब्यांत वाढलेल्या मुलांपुरतेंच होतें. नोकरीसाठीं सीमा ओलांडणाऱ्या तरुणाचा हक्क नव्या राज्याच्या मर्जीवर राही. २०१८ सालीं ही उणीव दूर करण्याचें ठरलें, पण तें १ जानेवारी २०२३ रोजीं किंवा त्यानंतर ज्यांना अठरावें वर्ष पूर्ण होईल त्यांच्यापुरतेंच. एक दिवस आधीं जन्मलेल्याच्या नशिबीं ती मर्जीच राहिली. आपला मुलगा कोणत्या गावीं राहतो आणि कोणत्या तारखेस जन्मला, हें पाहून कोणता बाप त्याच्या दुखण्याची चौकशी करतो?

कोणी म्हणेल, विमा म्हणजे माया नव्हे. नव्हेच. तापानें फणफणलेल्या तरुणाच्या उशाशीं बसणें राज्याला साधणार नाहीं. विम्याचा अर्ज भरण्याची आठवण करून देणारी आईही त्याला होतां येणार नाहीं. परंतु जें देतां येत नाहीं त्याचें निमित्त करून जें देतां येतें तेंही रोखून धरणें, ही नीति नव्हे. माया देणें राज्याच्या हातीं नाहीं, म्हणूनच जें त्याच्या हातीं आहे तें त्यानें न मागतां, न मोजतां दिलें पाहिजे.