जाळीत अडकलेली रुई

हिंगणघाटात एक जिनिंगवाले शेठ होते. हे गाव कापसाचंच. इंग्रजांच्या काळात लिव्हरपूलच्या बाजारात इथला कापूस गावाच्या नावानं ओळखला जाई. माल पारखण्यात शेठांचा हात धरणारं कुणी नव्हतं. शेतकऱ्याची गाडी काट्यावर आली की ते ढिगात कोपरापर्यंत हात घालत आणि ओल किती, पत्ती किती, कवडी किती हे बोटांनीच ओळखत. ओल ८ टक्क्यांच्या वर गेली की भाव तुटलाच. लोखंडाला तर ते फार भीत. कापसातून एखादा खिळा आला आणि सरकी काढणाऱ्या रेच्यात ठिणगी पडली तर अख्खा ढीग पेटतो. म्हणून कापूस ओढणाऱ्या पाइपात त्यांनी चुंबकं बसवली होती आणि रोज संध्याकाळी ती समोर उभं राहून पुसून घेत.

शेठांची एक जुनी ऑटोमॅटिक गाडी होती. ड्रायव्हर इमानी. दर सोमवारी तो इंजिन चालू ठेवून गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी काढी, पुसून परत घाली आणि पातळी पाही. पातळी नेहमी बरोबर असे. "तेल कमीच होत नाही, तं बदलायचं काहून?" असं शेठ म्हणत. ऐकणाऱ्यालाही ते पटे.

मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला आणि गाडी रुसली. गिअर टाकला तरी जागची हलेना, मग एकदम झटका देऊन निघे. वर्ध्याच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं खालचा चेंबर उघडला. लाल असायचं ते तेल कोऱ्या चहासारखं झालं होतं. चेंबरच्या तळाशी बसवलेल्या चुंबकावर काळा थर साचला होता.

"बंद डब्यात कचरा आला कुठून?" शेठांनी विचारलं.

"बाहेरून नाही आला जी. आतल्या प्लेटा घासतात, त्याचाच हा बुरा. गाडी चालली की तो होणारच, म्हणून तं कंपनीनं चुंबक दिलं. पण तेही भरतं. कुणीतरी पुसावं लागते." मिस्त्रीनं थर दोन बोटांत चोळून पाहिला. "टोचत नाही. चकचकीत कपच्या निघाल्या असत्या, तं गिअरबॉक्सच खोलावा लागला असता."

मग त्यानं तेलाची जाळी उलटी केली. तिच्यात तंतूंचा ओला गोळा अडकला होता. शेठांनी तो सवयीनं हातात घेतला, बोटांनी ओढून पाहिला आणि गप्प झाले. लांब धागा, पत्तीचा कण नाही. एक नंबर माल, त्यांच्याच जिनिंगमधला.

ड्रायव्हरनं मान खाली घातली. तो पट्टी रुईनंच पुसत होता. जिनिंगच्या आवारात फडकं शोधायला जातं कोण? दर सोमवारी चार तंतू पट्टीला चिकटून आत जात होते.

"माल चांगलाच आहे जी," मिस्त्री म्हणाला. "जागा चुकली. तुमच्याकडं लोखंड कचरा, माझ्याकडं रुई."

"आता प्रेशर मारून सगळं धुऊनच काढ."

मिस्त्रीनं ते ऐकलं नाही. इतक्या वर्षांचा बसलेला गाळ एकदम सुटला, तर व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटांत जाऊन बसेल, असं त्याचं म्हणणं. त्यानं जाळी नवी घातली, चुंबक पुसलं, गाडीच्या पुस्तकात लिहिलेलंच तेल भरलं. तेल गार करणाऱ्या कूलरकडून परत येणाऱ्या नळीत चुंबकाचा एक छोटा फिल्टरही बसवला. "चेंबर रिकामा केला तरी बरंच जुनं तेल टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहते. थोडी चालवा, परत या. पुन्हा तेवढंच बदलू. मग अजून एकदा."

तीनदा तेल म्हणजे तिप्पट खर्च. शेठांच्या तोंडावर नकार आला होता, पण संध्याकाळची चुंबकं आठवली असावीत. त्यांनी पैसे मोजले.

"अन् पट्टी कशानं पुसायची?" ड्रायव्हरनं विचारलं.

"धागे सोडणार नाही असं कापड पाहा. जुनी नायलॉनची साडी चालते."

घरी येऊन शेठांनी साडी मागितली तेव्हा शेठाणी बघतच राहिल्या. "तीन पिढ्या कपाशीवर जगलो आपण, अन् गाडीला नायलॉन?"

"हो," शेठ म्हणाले, "अन् कात्री पण द्या."