पाहुण्याची खोली

नऊ फूट रुंद आणि दहा फूट लांब अशा खोलीत काय ठेवावे, हा नीतिशास्त्राचा प्रश्न आहे असे सहसा कोणी म्हणणार नाही. तो सुताराचा प्रश्न. फार तर घरच्या गृहिणीचा. परंतु बंगळूरमध्ये काही वर्षे वास्तव्य केल्यावर माझे मत निराळे झाले आहे. नोकरीच्या निमित्ताने येथे आलेली मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांनी सदनिका घेतली की तिच्यातील सर्वांत लहान खोलीला ‘गेस्ट रूम’ हे नाव किल्ली हाती येण्यापूर्वीच पडलेले असते. मग तिच्या सजावटीचा खल सुरू होतो. २०२२ साली शहराच्या वायव्येस नागसंद्र येथे आयकियाचे अवाढव्य दुकान उघडले. तेव्हापासून तर लहान खोल्यांचे तयार नमुनेच पाहावयास मिळतात. भिंतीला टेकलेला पलंग, त्याच्या पोटात खण, कोपऱ्यात दिवा, भिंतीवर चौकटी. नमुने पाहण्यात गैर काही नाही. मात्र नमुन्यातल्या पलंगावर कोणी निजलेले नसते. सजवणारा खोली पाहतो ती दारात उभा राहून. पाहुणा ती पाहतो आडवे पडून, परक्या अंधारात, दिव्याचे बटण चाचपडत. या दोन जागांवरून दिसणारी खोली एकच असते का?

पवित्र शास्त्रात अशी एक खोली आहे आणि तिच्यातील सामानाची यादीही आहे. राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात शुनेम गावची एक संपन्न स्त्री त्या वाटेने वारंवार जाणाऱ्या अलीशाला आग्रहाने जेवू घालते. पुढे ती नवऱ्याला सुचवते की, आपण धाब्यावर एक लहानशी माडी बांधू आणि तीत चार वस्तू ठेवू: खाट, मेज, आसन आणि दिवठणी. भाषांतराच्या कामात या चार शब्दांपाशी मी बराच वेळ रेंगाळलो आहे. मूळ हिब्रूत आसनासाठी ‘किस्से’ हा शब्द आहे; शलमोनाच्या हस्तिदंती राजासनासाठीही तोच. दिवठणीला ‘मेनोरा’ म्हटले आहे. निवासमंडपातील सोन्याच्या दीपवृक्षाचे नावही तेच. यावरून त्या बाईने धाब्यावर छोटेसे मंदिरच उभारले असा उपदेश कोणी केला तर तो कानांना गोड लागेल, पण भाषांतरकाराने त्याला हातभार लावू नये. बसण्याच्या वस्तूला हिब्रूत तोच शब्द रूढ होता, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

मला त्या यादीत दुसरीच गोष्ट जाणवते. तिच्यातील प्रत्येक वस्तू त्या माणसाच्या दिवसाकडे पाहून ठरवली आहे. तो चालून थकून येतो म्हणून खाट. तो नुसता निजणार नाही, काही वेळ बसेलही, म्हणून आसन आणि मेज. आणि दिवा अशासाठी की अंधार पडल्यावर केव्हा निजायचे हे त्याचे त्याने ठरवावे. यजमानीणबाईंच्या संपन्नतेची साक्ष देणारी एकही वस्तू यादीत नाही. गालिचा नाही, पडदा नाही. शुनेममध्ये चांगले विणकर नव्हते असे नव्हे!

बंगळूरपुरते बोलायचे तर ही यादी थोडी वाढवावी लागेल. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान पंधरा-सोळा अंशांपर्यंत उतरते. कोकणातून किंवा मुंबईहून आलेल्या माणसाला एवढी थंडी पुरेशी असते, आणि ‘पांघरूण आहे का हो?’ असे रात्री अकरा वाजता परक्या घराचे दार ठोठावून विचारण्यापेक्षा तो कुडकुडत पडणे पसंत करतो. म्हणून पायथ्याशी एक जास्तीची सोलापुरी चादर घडी करून ठेवलेली असावी. मच्छरदाणी असावी. २०२४ च्या उन्हाळ्यात या शहराने पाण्याचे जे हाल पाहिले त्यानंतर न्हाणीघरातील भरलेल्या बादलीचे महत्त्व मी सांगावयास नको. दिव्याचे बटण उशीवरून हात पोहोचेल तेथे असावे आणि दाराला आतून कडी असावी. या कडीविषयी फार थोडे लोक विचार करतात. दिवसभर दुसऱ्याच्या घरात नम्रपणे वागून थकलेल्या माणसाला, चेहऱ्यावरचा तो नम्रपणा उतरवून ठेवता येईल असे एक दार हवे असते.

आणि एक रिकामा कप्पा असावा. हे सांगण्यास सोपे, करण्यास कठीण. कारण बहुतेक घरांतील पाहुण्यांची खोली ही प्रत्यक्षात अडगळीची खोली असते. कपाटात हिवाळी कपडे, पलंगाखाली सुटकेसा, कोपऱ्यात शिलाई यंत्र किंवा उत्साहाने आणलेली आणि वापराविना उभी राहिलेली व्यायामाची सायकल. पाहुणा आपली पिशवी खुर्चीवर ठेवतो, कपडे खुंटीवर एकावर एक अडकवतो. आपण त्याला ‘घर आपलेच समजा’ म्हणतो, पण त्या घरात त्याचा सदरा ठेवायला वीतभर फळी नसते.

शोभेच्या वस्तू असूच नयेत असे माझे म्हणणे नाही. चन्नपट्टणची लाखकामाची लाकडी खेळणी येथून तासा-दीड तासाच्या अंतरावर बनतात; खिडकीत त्यांतली दोन मांडली तर लहान मूल घेऊन आलेली आई तुम्हांला दुवा देईल. शोभेलाही पाहुण्याच्या बाजूने पाहता येते. आमच्या परिचयातील एका कुटुंबाने अशी खोली मोठ्या हौसेने सजवली होती. खोली मोठी दिसावी म्हणून पलंगासमोरच्या भिंतीवर प्रशस्त आरसा लावला होता. लहान खोलीसाठी ही युक्ती सर्वत्र सांगितली जाते, आणि ती खरीही आहे. त्या खोलीत पहिली राहावयास आली ती सीमाभागातील एका खेड्यातून कर्करोगाच्या उपचारांसाठी आलेली स्त्री. औषधांनी तिचे केस गळू लागले होते. तिसऱ्या दिवशी यजमानीणबाई चहा घेऊन गेल्या तेव्हा आरशावर लुगडे टाकलेले दिसले. कोणी काही बोलले नाही. दुपारी ती रुग्णालयात गेली असताना आरसा उतरवला गेला आणि कपाटाच्या दाराला आतून लावला गेला. ज्याला पाहावेसे वाटेल त्याने दार उघडावे.

ही खोली कोणासाठी सजवावयाची, हा प्रश्न येथे पुढे येतो. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतून पुष्कळ मराठी माणसे राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून बंगळूरला येतात. कोणाला निमहान्समध्ये मेंदूचा आजार दाखवायचा असतो, कोणाला किडवई संस्थेत किरणोपचार घ्यायचे असतात. हे उपचार अनेकदा आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे पाच-सहा आठवडे चालतात. रोगी रोज जाऊन-येऊन असतो. त्याला रुग्णालयात खाट मिळतेच असे नाही. रात्री तो कोठे निजतो? आणि आपल्या घरातील ती सजवलेली खोली वर्षातील किती रात्री रिकामी असते? याच शहरात तरुण मुले एकेका खोलीत तिघे-तिघे भाड्याने राहतात. कोणी आपली जास्तीची खोली भाड्याने दिली तर मी त्याला दोष देणार नाही. परंतु खोली राखून ठेवायची आणि ती फक्त परदेशातून येणाऱ्या भावासाठी, याचे समर्थन मला करता येत नाही. गावाकडच्या चुलत्याला मात्र बाहेरच्या खोलीत सतरंजी! मंडळीत भपकेदार वस्त्रांच्या माणसाला चांगली जागा आणि गरिबाला पायाशी जागा देणाऱ्यांना याकोबाने आपल्या पत्रात जे विचारले, ते आपल्या घरालाही लागू आहे. जाता जाता हेही नोंदवतो की, या शहरातील कित्येक मोठ्या सदनिकांत मोलकरणीसाठी म्हणून एक खोली असते, आणि तिला बहुधा पुरेशी खिडकीही नसते. वर्षातून पंधरा दिवस येणाऱ्यासाठी खिडकी, आणि रोज राहणारीसाठी भिंत.

योहान क्रिसोस्तोम याने इ. स. ४०० च्या सुमारास कॉन्स्टॅन्टिनोपल येथे प्रेषितांच्या कृत्यांवर प्रवचने दिली. त्यांतील एकात त्याने श्रोत्यांना शुनेमच्या खोलीचीच आठवण करून दिली. प्रत्येकाने आपल्या घरात एक खोली ख्रिस्ताची म्हणून राखावी, ती तळघरातील आणि साधी असली तरी चालेल, आणि तीत लंगडेपांगळे, निराश्रित यांना घ्यावे, असे त्याचे सांगणे होते. मंडळीचे धर्मशाळागृह आहे, मंडळीला उत्पन्न आहे, मग आमच्या घराला त्रास कशाला, हा आक्षेप त्या काळीही होता. त्यावर त्याचे उत्तर साधारण असे की, याजक प्रार्थना करतो म्हणून तुम्ही प्रार्थना करावयाची सोडता काय? आपल्याकडेही संस्था आहेत, अतिथिगृहे आहेत, आणि त्यांचे मोल मी जाणतो. पण तेथे खाट मिळते. रात्री दोन वाजता उलटी झाली तर शेजारच्या खोलीतून उठून येणारे माणूस मिळेलच असे नाही.

आता दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ज्यांना जास्तीची खोलीच नाही त्यांनी काय करावे? लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात, मरीया आणि योसेफ यांना जेथे जागा नव्हती त्या ठिकाणाला ग्रीकमध्ये ‘कातालुमा’ म्हटले आहे. आपण त्याचा अर्थ उतारशाळा असा घेत आलो. पण त्याच लूकने शेवटच्या भोजनाच्या जागेसाठी, म्हणजे घरातील पाहुण्यांच्या खोलीसाठी, हाच शब्द वापरला आहे; आणि चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात खरीखुरी उतारशाळा येते तेव्हा ‘पांदोखेइओन’ असा दुसराच शब्द योजला आहे. अभ्यासकांचे यावर एकमत नाही. तरी नाताळच्या नाटकांत दार लावून घेणारा जो उतारशाळेचा मालक आपण दरवर्षी उभा करतो, त्याचा मूळ मजकुरात पत्ता नाही हे निश्चित. कदाचित घडले ते एवढेच असेल: एका साध्या घरातील पाहुण्यांची खोली आधीच भरलेली होती, म्हणून घरच्यांनी आपल्या राहत्या जागेत, गव्हाणीपाशी, त्या दोघांना सामावून घेतले.

आपल्या जुन्या मराठी घरांत तरी पाहुण्यांची खोली कोठे होती? ओसरी होती, पडवी होती. पंढरीच्या वाटेवरील घरांत आजही दिंड्यांतील माणसे अंगणाओट्यांवर निजतात. रेव्हरंड टिळकांच्या घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांना तोटा नव्हता, तोटा होता तो घरात काही शिल्लक राहण्याला. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना हे सांगावयास नको. सारफथच्या विधवेकडे मूठभर पीठ आणि थोडे तेल होते, तरी एलीया तिच्या माडीवर राहिला. त्या माडीतील सामानाची यादी शास्त्रात नाही; तेथे एक खाट होती एवढेच पुढे कळते, आणि तेही अशासाठी की त्या खाटेवर तिच्या मेलेल्या मुलाला ठेवण्यात आले.

शुनेमच्या खोलीतही तेच घडते. अलीशाने विचारले होते, तुझ्यासाठी काय करू, राजाकडे शब्द टाकू का? तिने काही मागितले नाही. मी आपल्या लोकांत सुखाने राहते, एवढेच ती म्हणाली. न मागता झालेला मुलगा एके दिवशी डोके दुखते म्हणून शेतातून आणला गेला आणि दुपारी आईच्या मांडीवर गेला. तिने त्याला स्वतःच्या अंथरुणावर ठेवले नाही. ती जिना चढली, पाहुण्यासाठी केलेल्या खाटेवर त्याला ठेवले, दार लावले आणि गाढवावर खोगीर घालावयास सांगितले. आपल्या घरात असूनही जी आता आपली राहिलेली नव्हती अशी एकच जागा तिच्याजवळ होती, आणि अशा वेळी तिला तीच आठवली.

तिची कथा आपण मुलगा जिवंत झाला तेथे थांबवतो. पण आठव्या अध्यायात ती पुन्हा भेटते. दुष्काळ येणार म्हणून अलीशाच्या सांगण्यावरून ती घरदार सोडून पलिष्ट्यांच्या देशात जाते आणि सात वर्षे उपरी म्हणून राहते. परत येते तेव्हा घर आणि शेत दुसऱ्याच्या हाती गेलेले असते, आणि ते मागण्यासाठी तिला राजापुढे उभे राहावे लागते. ते तिला परत मिळाले हे शास्त्र सांगते. परक्या मुलखातील त्या सात वर्षांत मायलेकरांना कोणी छप्पर दिले, त्या घरात बसायला आसन होते की नाही, रात्री दिवा होता की नाही, याविषयी एक शब्दही नाही.