नाताळच्या आनंदातील राहेलचा शोक

नाताळ होऊन तीनच दिवस झालेले असतात. आगमनकाळात थांबलेली लग्नकार्ये पुन्हा सुरू होतात, घरोघरी पाहुण्यांची वर्दळ वाढते, गोठ्यातील दिवे अजून लुकलुकत असतात. अशा आनंदाच्या भरात २८ डिसेंबरला ख्रिस्तसभा आपणांस हेरोद राजाच्या आज्ञेने ठार झालेल्या बेथलेहेमच्या बालकांची आठवण करून देते. निष्पाप बालकांचा हा सण पाचव्या शतकापासून पाळला जात आहे. गव्हाणीशेजारी हा आकांत कशासाठी, असे मनात येणे स्वाभाविक आहे.

त्याहून अवघड प्रश्न पुढेच आहे. योसेफाला स्वप्नात इशारा मिळाला, म्हणून बाळ येशू वाचला. शेजारच्या घरांतील पित्यांना तसा इशारा का मिळाला नाही? एकाला वाचविण्यासाठी परमेश्वराने इतरांचा बळी जाऊ दिला काय?

या प्रश्नापुढे संत मत्तयाची लेखणी कशी सावध होते, हे पाहण्यासारखे आहे. येशूच्या मिसर देशातील वास्तव्याविषयी लिहिताना तो सांगतो की, संदेष्ट्याचे वचन पूर्ण व्हावे म्हणून तसे घडले. बालहत्येविषयी लिहिताना मात्र मूळ ग्रीक भाषेतील हा हेतुदर्शक शब्द तो टाळतो. तेव्हा यिर्मयाचे वचन पूर्ण झाले, एवढेच तो म्हणतो. पुढे यहूदाच्या तीस रुप्यांच्या प्रसंगीही त्याने हीच रचना योजिली आहे. पापाचे कर्तृत्व परमेश्वराच्या माथी मारण्यास शुभवर्तमानकार तयार नाही. ती आज्ञा हेरोदाची होती. सिंहासन जाईल या भयापोटी ज्याने स्वतःच्या तीन मुलांनाही मृत्युदंड दिला, त्या राजाची होती.

मत्तय आणखी एक गोष्ट करतो. आपल्या लेकरांसाठी रडणारी आणि सांत्वन नाकारणारी राहेल तो यिर्मयाच्या ग्रंथातून घेतो. त्या ग्रंथात लगेच पुढे दिलाशाचे शब्द आहेत. ते मात्र तो घेत नाही. राहेलला तो रडू देतो. ज्या मातेचे मूल गेले तिला घाईने समजूत घालणे हीदेखील एक निष्ठुरताच असते, हे त्याने जाणले असावे.

किती बालके मारली गेली, हे तो सांगत नाही. पुढील परंपरांनी हा आकडा १४,००० पर्यंत आणि त्याहूनही पुढे नेला. बेथलेहेम लहानसे गाव होते. आजचे अनेक अभ्यासक ही संख्या वीसच्या आसपास धरतात. हेरोदाचे अपराध सविस्तर नोंदविणारा इतिहासकार योसेफस या घटनेविषयी एक शब्दही लिहीत नाही. पण आकडा फुगविल्यानेच या मृत्यूंना मोल येते काय? वीस पाळणे रिकामे झाले, एवढे पुरेसे नाही काय?

डोळ्यांना न सोसणारे झाकून टाकावे, ही मनुष्याची जुनी खोड आहे. सोळाव्या शतकातील चित्रकार पीटर ब्रूगेल याने हा प्रसंग आपल्या काळातील बर्फाच्छादित खेड्यात रंगविला. ते चित्र पुढे सम्राट रुडॉल्फ दुसरा याच्या संग्रहात गेले आणि त्यातील बहुतेक बालकांवर रंग चढविण्यात आला. त्यांच्या जागी गाठोडी, पशू व पक्षी आले. बालहत्येचे चित्र केवळ लुटालुटीचे चित्र झाले. मातांचा आक्रोश मात्र तसाच राहिला. जणू त्या हंसांसाठीच रडत होत्या!

ख्रिस्तसभेने असा रंग चढविला नाही. १९६० च्या नियमसुधारणेपर्यंत या दिवशी धर्मगुरू सामान्यतः जांभळी वस्त्रे परिधान करीत. मातांच्या दुःखात सहभागी होण्याची ती खूण, असे जुने भाष्यकार म्हणत. आज लाल वस्त्रे असतात, कारण ही बालके रक्तसाक्षी आहेत. ज्यांना बोलताही येत नव्हते, त्यांना ख्रिस्तसभेने साक्षीदार म्हटले. साक्षीचा मान केवळ जाणत्यांचा आणि पराक्रमी लोकांचा नाही, हा याचा अर्थ.

आणि जो वाचला त्याचे काय? बेथलेहेमात त्याच्या शोधात इतरांची लेकरे मारली गेली. तीसएक वर्षांनी गेथशेमनी बागेत सैनिक त्याला धरावयास आले, तेव्हा माझ्या शिष्यांना जाऊ द्या, असे सांगून त्याने स्वतःला त्यांच्या हाती दिले. वाचलेले आयुष्य त्याने इतरांसाठी देऊन टाकले. त्या बालकांना परमेश्वराने दिलेले उत्तर आम्हांस येथे दिसते. ते युक्तिवादाचे उत्तर नाही, क्रुसाचे आहे.

आपली मुले सुखरूप आहेत, याबद्दल आपण परमेश्वराचे आभार मानतो. ते मानलेच पाहिजेत. पण सुखरूप असणे हे एक ऋणही आहे. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात कुपोषणाने बालके दगावली. तो भाग आज वसईप्रमाणेच पालघर जिल्ह्यात मोडतो. तेथे कोणा हेरोदाची तलवार नव्हती. होती ती भूक, आणि आपल्यासारख्यांचे दुसरीकडे वळलेले तोंड. त्या बालकांची नावे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत?

नाताळच्या गोठ्यात आपण मेंढरे ठेवतो, मेंढपाळ ठेवतो, दूरदेशीचे ज्ञानी लोक ठेवतो. बेथलेहेमच्या त्या बालकांसाठी तेथे जागा नसते. निदान २८ डिसेंबरच्या मिस्साबलिदानात त्यांना आपल्या प्रार्थनेत जागा मिळावी. आणि घरी परतल्यावर, ज्या घरात आज पाळणा आहे पण दूध नाही, त्या घराची वाट आपल्या पायांना सापडावी.